इंजिनिअरिंगची पदवी परवडते का? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी प्रवेशाआधीचा हिशोब

हिशोबवही (धागाकर्ता)

सीईटीचा निकाल लागला की कासारवडवलीपासून पनवेलपर्यंत सगळ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘त्या कॉलेजची फी किती?’ पण एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांची फी सारखी नसते. फरक दोन-पाच हजारांचा नाही, चार वर्षांत तो पाच लाखांच्या पुढे जातो. पदवी परवडणार की नाही हे बरंचसं या फरकावर ठरतं, आणि तो प्रवेश अर्ज भरतानाच ठरून जातो. म्हणून हा धागा.

आपल्या पट्ट्यातल्या विनाअनुदानित खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तिचे दोन भाग असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार आकडे असतात, ते पाहूनच बोला. कॉलेजच्या काउंटरवर तोंडी सांगितलेला आकडा धरू नका.

समजा शिक्षण शुल्क १,३६,००० आणि विकास शुल्क १३,६०० आहे. चारही वर्षं फी तीच राहिली असं धरू.

कुठलीच सवलत नसलेल्या मुलाचे चार वर्षांचे ५,९८,४०० होतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत बसणाऱ्या मुलाला शिक्षण शुल्काचा अर्धा भाग परत मिळतो, त्याचे ३,२६,४००. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागेवरच्या मुलाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ, त्याचे फक्त ५४,४००. आणि ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही शंभर टक्के माफ. विकास शुल्क मात्र या सगळ्यांना भरावंच लागतं. ‘फी माफ आहे ना, मग हे कसले पैसे?’ असा वाद काउंटरवर दरवर्षी होतो, तो यामुळेच.

शाहू शिष्यवृत्ती आणि मुलींची सवलत यांची मुख्य अट म्हणजे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की दार बंद. त्यामुळे ‘थोडे जास्त भरा आणि सीट आत्ताच पक्की करा’ असा फोन आला, तर त्या ‘थोड्या’मध्ये चार वर्षांची गेलेली सवलतही मिळवा आणि मगच उत्तर द्या. मंजूर फीच्या वर देणगी मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच गुन्हा आहे.

जाणकारांनी दाखले, कर्ज आणि प्लेसमेंटवर लिहावं.

---

तहसीलच्या_रांगेत

दाखल्यांवर लिहितो, कारण सवलत हुकते ती बहुतेक वेळा कागदामुळे.

आधी कार्यालय कुठलं ते ठरवा. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाही बदलला, रायगड. पत्त्यात ‘नवी मुंबई’ आहे म्हणून खारघरच्या माणसाने ठाण्याला अर्ज टाकला तर तो परत येतो आणि ऐन हंगामातले दिवस वाया जातात. आपले सरकारच्या पोर्टलवर तालुका निवडतानाच हे बघा.

दुसरं, तारीख. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंत वैध असतो. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला जूनमध्ये उपयोगाचा नाही. १ एप्रिल उलटला की लगेच अर्ज करा. बारावीचा निकाल लागल्यावर सेतू केंद्रांवर गर्दी उसळते. नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्राचंही तसंच, ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश त्याच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं.

जात वैधता आणि नॉन क्रीमीलेअर हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती चालवून घेतात. पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत आलं नाही तर राखीव जागेचा हक्क जातो आणि मुलाला खुल्या प्रवर्गात धरतात. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करून ठेवावा, त्याला महिने लागतात.

नावातला फरक बारीक दिसतो पण अडतो तिथेच. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, असं असेल तर आधार आणि बँक आत्ताच एकसारखं करून घ्या.

---

गावदेवीकर

आई-वडील दोघंही नोकरीत, मिळून उत्पन्न ९ लाख. प्रवर्ग इतर मागास. नॉन क्रीमीलेअर मिळालेलं आहे, म्हणजे उत्पन्न मर्यादेत आहे असंच ना? मग मुलीची फी माफ व्हायला हवी.

---

तहसीलच्या_रांगेत

गावदेवीकर, इथे दोन वेगळी मोजमापं आहेत. नॉन क्रीमीलेअर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, म्हणून पगारदार कुटुंबाला ९ लाखांवरही ते मिळू शकतं. शिक्षण शुल्काच्या सवलतीसाठी मात्र दोघांचं मिळून एकूण उत्पन्न पाहतात, पगारासकट, आणि मर्यादा ८ लाख. त्यामुळे प्रवेशात आरक्षण मिळेल, या योजनेतून फी माफ होणार नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून पहिल्या हप्त्यापुरतीच तजवीज केलेल्या घरांची नंतर ओढाताण होते. अशा वेळी पुढचा कर्जाचा भाग वाचा.

---

पसंतीक्रम

टीएफडब्ल्यूएसबद्दल एक महत्त्वाचं. ही जागा आपोआप मिळत नाही. प्रत्येक शाखेच्या मंजूर संख्येच्या वर ५ टक्के जागा त्यासाठी असतात आणि त्यांचा पर्याय संकेतांक वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी हे अक्षर लागलेला. अर्जात टीएफडब्ल्यूएससाठी होकार द्यायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि पसंतीक्रम भरताना तो वेगळा संकेतांक स्वतः घालायचा. नुसता साधा संकेतांक भरला तर ९९ पर्सेंटाइल असूनही मुलगा पूर्ण फीच्या जागेवर जाऊन बसतो.

या जागांचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षा वर असतो, साठच्या वर्गात जागा तीनच. म्हणून क्रम लावताना एकाच कॉलेजचा टीचा संकेतांक आधी आणि साधा नंतर, अशी जोडी लावत खाली या.

२०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर जागा आपोआप गोठते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तरी तेच. ‘बघू तर मिळतं का’ म्हणून वरच्या सहा ओळींत नको असलेलं कॉलेज टाकायचे दिवस गेले. माहितीपत्रक दर वर्षी नव्याने येतं, त्यातला हा परिच्छेद दोनदा वाचा.

---

कर्जखाते

शैक्षणिक कर्जावर. सरकारी बँकांची मूळ चौकट इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेवर चालते. ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा शून्य, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंत पत हमी निधी असल्यामुळे तारण लागत नाही, त्याच्या वर गेलात की घर किंवा मुदत ठेव मागतात. म्हणून शक्य असेल तर रक्कम साडेसातच्या आत बसवा. वरचे चाळीस-पन्नास हजार कुटुंबाने घातले तर घराची कागदपत्रं बँकेत जायची वाचतात.

आता प्रत्यक्ष आकडे. फी दीड लाख आणि लॅपटॉप, पुस्तकं, परीक्षा, प्रवासाचा पास यांचे ३० हजार, असे वर्षाला १,८०,००० उचलले. चार वर्षांत ७,२०,०००. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक, अशी पाच वर्षं हप्ता नाही, पण व्याज धावत असतं. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन, म्हणजे सरळ व्याजाने २,५२,०००. ते मुद्दलात मिळून ९,७२,००० होतात. दहा वर्षांचा हप्ता १२,८४५. एकूण परतफेड १५ लाख ४१ हजारांच्या आसपास.

तेच व्याज पालकांनी दरमहा भरत नेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,५००, दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी ४,५००, नंतरची दोन वर्षं ६,०००. मग हप्ता ७,२०,००० वरच बसतो, ९,५१५. एकूण १३ लाख ९४ हजार. जवळजवळ दीड लाख वाचतात आणि मुलाच्या डोक्यावर दरमहा ३,३०० चा भार कमी होतो. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सूटही देतात, ती मंजुरीपत्रात लिहून घ्या.

बँकेतर वित्त कंपन्यांकडे कर्ज लवकर होतं, पण तिथे दोन गोष्टी विचारा: हप्ता नसलेल्या काळात व्याज सरळ की चक्रवाढ, आणि विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच घातला आहे का. घातला असेल तर त्या हप्त्यावरही पंधरा वर्षं व्याज जातं.

‘व्याजावर कर सवलत आहे’ हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आहे (१९६१ च्या आयकर कायद्यात ती कलम ८०ई खाली), आठ वर्षांसाठी, पण जुन्या करप्रणालीतच. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. चार-पाच लाखांवर नोकरी सुरू करणाऱ्या मुलाला त्या वजावटीचा काडीचा उपयोग नाही. पालक सहकर्जदार असतील, जुन्या प्रणालीत असतील आणि व्याज स्वतःच्या खात्यातून भरत असतील, तर त्यांना मात्र आहे.

आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड लावता येत नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे आले, बोनस आला, की थेट कर्जखात्यात टाका.

---

घोडबंदर_गाव

केंद्राची नवी पीएम विद्यालक्ष्मी योजना कुणाला लागू?

---

कर्जखाते

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांच्या यादीतच लागू आहे, तेव्हा आधी यादीत कॉलेज आहे का ते पोर्टलवर बघा. तारण नाही, जामीनदार नाही. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला यातलं काही धरू नका.

---

मध्यक

हिशोबाची दुसरी बाजू पगाराची. कॉलेजच्या फलकावर ‘सर्वोच्च पॅकेज’ असतं, त्याचा आपल्या मुलाशी संबंध नाही. सरासरीही फसवी. पाच मुलांना ३, ३.५, ३.५, ४ आणि २० लाख मिळाले तर सरासरी ६.८ येते, पण मधल्या मुलाला मिळाले साडेतीन. हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, बघायचा.

तो मिळतो कुठे? एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. क्रमांक विसरा, ती पीडीएफ उघडा. त्यात तीन वर्षांची माहिती एका तक्त्यात असते: पहिल्या वर्षाला किती आले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, वेळेत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी, मध्यक पगार किती, पुढे शिकायला किती गेले. समजा आले १२०, वेळेत सुटले ९६, नोकरी ५४. कॉलेज टक्केवारी काढताना खाली ‘पात्र विद्यार्थी’ धरतं, तुम्ही १२० धरा. ४५ टक्के येतील. पालकाच्या कामाचा आकडा तो.

इथे एक खड्डा नवीन आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. आपल्या भागातही संगणक, डेटा सायन्स, एआय यांच्या तुकड्या वाढल्या आहेत. तुम्हाला दिसणारा मध्यक लहान बॅचचा आहे, तुमचं मूल सुटेल तेव्हा त्याच कॉलेजातून त्याच शाखेची कदाचित दुप्पट मुलं एकाच वेळी बाहेर पडतील. मंजूर जागा चार वर्षांपूर्वी किती होत्या आणि आज किती आहेत, हे कॉलेजला थेट विचारा. एआयसीटीईच्या मान्यता पत्रातही ते असतं.

आता चार लाखांचं पॅकेज हातात किती येतं ते बघा. त्यातले ४० हजार कामगिरीवर अवलंबून, ते वर्षाच्या शेवटी. उरले ३,६०,०००, महिन्याला ३०,०००. मूळ वेतन १५,००० असेल तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधी १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ७२१ या ३० हजारांतच मोजलेले असतात. तुमचा भविष्य निर्वाह निधी १,८००, व्यवसाय कर २००. खात्यात येतात २५,४७९.

कर्जखाते यांचा १२,८४५ चा हप्ता याच्या निम्मा आहे. उरलेल्यात घरी राहणारा मुलगा कसंबसं भागवेल, पुण्या-बंगळुरूला खोली घ्यावी लागली तर नाही. माझं मत स्पष्ट आहे: हप्ता, त्या शाखेच्या मध्यक पगारातून हातात येणाऱ्या रकमेच्या चौथ्या हिश्शाच्या वर जात असेल तर त्या कॉलेजला त्या फीत जाऊ नये. शाहू शिष्यवृत्ती मिळून वर्षाला ८०,००० च उचलावे लागले तर पाच वर्षांचं व्याज धरूनही कर्ज ४,३२,००० आणि हप्ता ५,७०० च्या आसपास होतो. तो पेलतो. कॉलेज तेच, पगार तोच.

---

वागळे_इस्टेट

सगळी चर्चा बारावीनंतरच्या चार वर्षांवर चालली आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता आपल्याकडे उगाच कमी लेखला जातो. काळ बघा: अकरावी-बारावी दोन आणि पदवी चार, सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि पदवी तीन, सहाच. पदवीच्या पहिल्या वर्षाची फी वाचते, अकरावी-बारावीचे क्लास वाचतात, आणि तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पूर्ण पात्रता असते. पुढे शिकायचं की काम धरायचं, हे तेव्हा ठरवता येतं. बारावी सायन्स होऊन सीईटीत कमी पडलेल्या मुलाच्या हातात तसं काही नसतं.

आयटीआयवाल्यालाही शिडी आहे. दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. २+२+३, सात वर्षं. एकच वर्ष जास्त, आणि मधे केव्हाही थांबलात तरी हातात काम आहे.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात आज मागणी कशाला आहे ते पाहा. ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथे चोवीस तास जनरेटर, यूपीएस, बॅटरी बँक, चिलर सांभाळणारी माणसं लागतात. इलेक्ट्रिशियन आणि वातानुकूलनाचा ट्रेड, त्यावर तारतंत्री परवाना, किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि पर्यवेक्षक प्रमाणपत्र, ही जोडी तिथे उपयोगी पडते. परवाना नसलेला मुलगा हेल्पर म्हणून लागतो आणि बरीच वर्षं हेल्परच राहतो. आयटीआय झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत एक वर्ष काढून राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायलाच हवं, पुढच्या भरतीत ते विचारतात.

---

खाडीपूल

वागळे_इस्टेट, रस्ता चांगला आहे, पण त्याच्या अडचणीही मांडायला हव्यात.

थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं तिसऱ्या सत्रातल्या गणितात अडकतात. लाप्लास, फुरिए यांचा पाया पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात घातलेला असतो, डिप्लोमात गणित त्या खोलीपर्यंत जात नाही. निकाल लागून प्रवेश होईपर्यंत कॉलेज सुरू झालेलं असतं, पहिले काही आठवडे बुडालेले असतात. केटी लागते, म्हणजे विषय मागे राहतो, ती साचली की वर्ष मागे. वर्ष मागे गेलं की त्या वर्षाची शिष्यवृत्ती थांबते, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची ‘चालू केटी नको’ ही अट आडवी येते, कर्जाचं व्याज मात्र चालू राहतं. डिप्लोमाचा अंतिम पेपर आणि प्रवेश यांच्यामधल्या सुट्टीत विकलन-संकलन आणि मॅट्रिक्स पक्कं केलं तर हे टळतं.

दुसरं, पहिल्या पाच वर्षांत डिप्लोमा आणि पदवी यांच्या पगारात फार अंतर दिसत नाही, पुढे दिसतं. मोठ्या कंपन्यांत डिप्लोमाधारकाची सुरुवातीची श्रेणीच वेगळी असते आणि अधिकारी श्रेणीत जायला अंतर्गत परीक्षा किंवा पदवी लागते. गेट परीक्षेतून सार्वजनिक उपक्रमात जायचं तर पदवीच हवी. एमपीएससीच्या राज्यसेवेलाही पदवी हवी, पण कुठलीही चालते. सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या बऱ्याच पदांना डिप्लोमा पुरतो. ध्येय कनिष्ठ अभियंता असेल तर सहा लाखांची पदवी त्यासाठी घेऊ नका, ध्येय त्या वरचं असेल तर डिप्लोमावर थांबू नका.

---

खारघरची_टेकडी

अभिमत (डीम्ड) विद्यापीठांबद्दल कुणी लिहिलं नाही. नेरूळ-बेलापूर-खारघर भागात ती बरीच आहेत, इमारती उत्तम, प्रवेश लवकर मिळतो.

---

हिशोबवही

खारघरची_टेकडी, मुद्दा हवाच होता. खाजगी अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठं शासनाच्या शुल्क सवलतीतून वगळलेली आहेत, तसं शासन निर्णयातच म्हटलं आहे. त्यांची फी वर सांगितलेल्या शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जात नाही, टीएफडब्ल्यूएसच्या कॅपमधल्या जागाही नाहीत. एके काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेलं कॉलेज नंतर अभिमत विद्यापीठाचा भाग झालेलं असू शकतं, नाव जवळपास तेच राहतं आणि पालकांना जुनी फी आठवत असते. यंदाच्या कॅपच्या यादीत त्याचा संकेतांक आहे का, एवढं तपासलं की कळतं.

शिक्षण वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण सवलतीला पात्र असलेल्या मुलीसाठी संलग्न कॉलेज आणि अभिमत यांच्यातला फरक संपूर्ण शिक्षण शुल्काएवढा आहे, आणि तो मध्यक पगारात भरून निघतो का हे वरच्या पीडीएफमधून तपासून मगच जावं.

---

जमाखर्च_ठाणे

वाणिज्य शाखेकडे कुणी वळत नाही म्हणून लिहिते. अनुदानित बी.कॉम.ची वर्षाची फी इंजिनिअरिंगच्या एका महिन्याच्या आसपासही जात नाही. त्याच कॉलेजात विनाअनुदानित बीएमएस (व्यवस्थापन), बीएएफ (लेखा आणि वित्त) वगैरेंची फी कितीतरी पट. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी आली, तेव्हा काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. (व्यवस्थापन अभ्यास) अशा नावाने सुरू ठेवला, त्याला सीईटी लागत नाही. अर्ज करण्याआधी नेमकं नाव आणि अनुदानित की विनाअनुदानित, हे दोन्ही लिहून घ्या.

सीएचा खर्च तर मुळातच कमी आहे. संस्थेची नोंदणी फी फाउंडेशनला ९,०००, इंटरमीजिएटच्या दोन्ही गटांना मिळून १८,०००, फायनलला २२,०००. परीक्षा शुल्क आणि क्लास वेगळे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली, त्यात विद्यावेतन मिळतं. इथे धोका पैशाचा नाही, वर्षांचा आहे. गट अडकत राहिला की पंचविशी उलटते, म्हणून बी.कॉम. सोबतच पूर्ण करा आणि आर्टिकलशिप संपेपर्यंत टॅली, जीएसटी विवरणं, टीडीएस हाताने करता येईल असं पाहा. ठाण्यातल्या सनदी लेखापालांच्या कार्यालयांत आणि वागळेच्या लहान कारखान्यांत त्यावर काम मिळतं, फायनल बाकी असली तरी.

---

घोडबंदर_गाव

घराजवळचं मध्यम कॉलेज की लांबचं चांगलं, यावरही बोला.

---

मध्यक

राहण्या-जेवणाचे महिन्याला १०,००० आणि वर्षाचे दहा महिने धरले तरी चार वर्षांत ४ लाख. लांबच्या कॉलेजचा मध्यक घराजवळच्यापेक्षा वर्षाला दीड-दोन लाखांनी जास्त असेल तर हा खर्च दोन-तीन वर्षांत निघतो. पन्नास हजारांनी जास्त असेल तर नाही. ट्रान्स-हार्बरवरून ठाण्याहून नेरूळ-बेलापूरला जाणाऱ्याने कॉलेजचा सवलतीचा अर्ज घेऊन तिमाही पास काढावा, मासिकापेक्षा स्वस्त पडतो. रस्त्याने घोडबंदर ते खारघर रोज करायचं मनात असेल तर करू नका, मुलाचा अभ्यासाचा वेळ तिथेच जातो.

---

पसंतीक्रम

प्रवेश रद्द करण्याबद्दल राहिलं होतं. सीईटी कक्षाने दिलेल्या अंतिम तारखेच्या आत ऑनलाइन रद्द केला तर १,००० रुपये वजा होऊन बाकी फी परत मिळते. तारीख उलटल्यावर फक्त अनामत रक्कम. रद्द करणं म्हणजे कॉलेजला ईमेल नव्हे. स्वतःच्या लॉगिनमधून विनंती भरायची, तिची सही केलेली प्रत कॉलेजला द्यायची आणि पोच घ्यायची. कॉलेज मूळ गुणपत्रिका अडवून ठेवू शकत नाही, आणि एका वर्षापेक्षा जास्त फी आगाऊ मागितली तर तीही देऊ नका.

---

गावदेवीकर

धाकट्या मुलासाठी शिक्षण शुल्काच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, त्याच्या वेळेपर्यंत उत्पन्न मर्यादेत येईल कारण एक पगार थांबणार आहे. पैसे कॉलेजच्या खात्यात जातात की आपल्या?

---

तहसीलच्या_रांगेत

विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात, दोन हप्त्यांत. कॉलेजने आधी पूर्ण फी घेतली असेल तर पैसे तुमचे, नसेल घेतली तर आल्यावर लगेच कॉलेजला भरायचे. शाहू शिष्यवृत्ती कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच आहे, ते स्वयंघोषणेत द्यावं लागतं. खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर उघडा, बँकेत ‘आधार जोडणी’ नव्हे तर ‘एनपीसीआयला खातं जोडा’ असा अर्ज द्या. नुसती केवायसी झाली की खातं आधारशी जोडलं गेलं असं वाटतं, पण थेट लाभ हस्तांतरण दुसऱ्याच जुन्या खात्यात जातं किंवा परत फिरतं. कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून दिसतं. आणि दुसऱ्या वर्षापासून नवीन अर्ज भरू नका, महाडीबीटीवर नूतनीकरणाचाच पर्याय निवडा. नवीन भरला तर एकाच मुलाचे दोन अर्ज दिसतात आणि कॉलेजच्या लॉगिनला दोन्ही अडकून पडतात.